बेघरांच्या मिशनमध्ये विद्यार्थी स्वयंसेवक: आठवडाभराचं यजमानपद कसं चालतं?

अमेरिकेतल्या कॉलेजांना साधारण मार्चमध्ये आठवडाभराची सुट्टी मिळते. तिला ‘स्प्रिंग ब्रेक’ म्हणतात. अनेक मुलं तेव्हा समुद्रकिनारी जातात, तर काही गट एखाद्या ख्रिस्ती मिशनमध्ये बेघरांसाठी काम करायला जातात. अशा सुट्टीला ‘अल्टरनेटिव्ह ब्रेक’ असं नाव आहे. तिला चालना देणारी ‘ब्रेक अवे’ ही संस्था १९९१ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात सुरू झाली.

यजमान मिशनं यापेक्षा खूप जुनी आहेत. न्यूयॉर्कचं बावरी मिशन १८७९ चं, लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागातलं युनियन रेस्क्यू मिशन १८९१ चं. जेवण, रात्रीचा निवारा, अंघोळ, कपडे आणि व्यसनमुक्ती ही अशा मिशनांची मुख्य कामं. गरज मोठी आहे: जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत देशात ७ लाख ७१ हजारांहून जास्त लोक बेघर आढळले.

मग पंधरा मुलं आली की मदतच होणार ना? दरवेळी नाही. थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला स्वयंसेवकांची गर्दी उसळते, नंतर माणसं कमी पडतात. म्हणून मार्चमधला गट हवासा असतो. पण नवख्या मुलांना काम शिकवायला एक कर्मचारी दिवसभर अडकतो. शिवाय अनेक मिशनांमध्ये स्वयंपाकघर व्यसनमुक्ती कार्यक्रमातले रहिवासीच सांभाळतात. त्यांच्या हातातला डाव काढून बाहेरच्या मुलांना दिला, तर त्यांचं रोजचं काम आणि त्यातून मिळणारा मान, दोन्ही जातं. त्यामुळे अनुभवी यजमान दोघा-तिघांनाच वाढायला उभं करतात. बाकीच्यांना कपडे निवडणं, कोठार आवरणं अशी तुंबलेली कामं मिळतात. फोटोत ही कामं काही खास दिसत नाहीत.

आणि फोटोंवर बहुधा बंदीच असते. मिशनमध्ये आलेली एखादी बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपलेली असू शकते. कोणीतरी सहज टाकलेल्या फोटोत मागे तिचा चेहरा आला, तर तिचा ठावठिकाणा उघड होतो. पहिल्या संध्याकाळी मुलांना हे कारणासकट सांगावं लागतं. नुसता नियम दोन दिवसांत विसरला जातो. तेव्हाच आणखी काही गोष्टी सांगतात. रोख पैसे देऊ नका. ‘रस्त्यावर कसे आलात?’ असं आपणहून विचारू नका. हवामानावर, बेसबॉलवर खुशाल बोला. ‘पुन्हा येईन’ असं वचन देऊ नका, कारण असं म्हणून न परतलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

धर्माचा प्रश्नही आधीच सोडवलेला बरा. काही मिशनांमध्ये जेवणाआधी प्रवचनाची जुनी पद्धत आहे. थेट केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या कार्यक्रमात मात्र बेघरांवर प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. गटात हिंदू, मुस्लिम किंवा नास्तिक मुलंही असू शकतात. प्रार्थनेला बसणं अपेक्षित आहे की ऐच्छिक, हे त्यांना प्रवास ठरवण्यापूर्वी कळायला हवं.

मुक्काम सहसा जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये, जमिनीवर स्लीपिंग बॅगमध्ये असतो. मिशनमधले पलंग बेघरांसाठी असतात. राहण्या-खाण्याचे पैसे अनेक ठिकाणी गटाकडूनच घेतात. ‘सेवा करायची आणि वर पैसेही द्यायचे?’ असा प्रश्न पालकांना पडू शकतो. पण हा खर्च मिशनने उचलला, तर तो बेघरांसाठी आलेल्या देणगीतूनच जाईल.