मैला, शेण आणि खरकटे : घरगुती गॅसच्या टाकीचा इतिहास

गोबर गॅसच्या इतिहासावर जिथे कुठे लिहिलेले असते तिथे सुरुवातीलाच एक वाक्य बहुधा भेटते : भारतातला पहिला बायोगॅस प्रकल्प १८५९ साली मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभा राहिला. पाठ्यपुस्तकांत, सरकारी पुस्तिकांत, परदेशी प्रबंधांतही ते सापडते. एकाने दुसऱ्याचे वाचून लिहावे, तिसऱ्याने दुसऱ्याचे, असा त्याचा प्रवास झाला आहे. पण ते तपासायला गेले की पहिल्याच पायरीवर अडखळायला होते. ज्या वसाहतीकडे बोट दाखवले जाते ती माटुंग्याची, म्हणजे आजचे वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. आणि ती वसाहत सुरू झाली १८९० साली. मैला मुरवण्याच्या बंद टाकीला ‘सेप्टिक टँक’ हे नाव इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी दिले तेही १८९५ मध्ये. १८५९ साली माटुंग्याला ना वसाहत होती, ना तशी टाकी. दुसऱ्या काही जुन्या नोंदींत याच वसाहतीच्या टाक्यांचे साल १८९७ असे येते. ते मात्र सगळ्या बाजूंनी जुळते.

ही वसाहत उभारणारे हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणाने ओळखीचे असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. पोवाडे गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने रस्त्यावर भीक मागणाऱ्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान उभे केले आणि तिथल्या सांडपाण्याचा प्रश्न सोडवताना, काही वर्षांनी, टाकीतून निघणारा वायू धरून त्यावर इंजिन चालवण्यात आले. मुंबईच्या ड्रेनेज खात्याचे इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी १९०२ साली ‘ओरिएंटल ड्रेनेज’ नावाचे पुस्तक लिहिले. पूर्वेकडच्या शहरांनी मैल्याचे काय करावे, हा त्याचा विषय. माटुंग्याचा प्रयोग घडला तो याच विचाराच्या वातावरणात.

सालाचा हा घोळ तसा किरकोळ. त्याहून मोठी गोष्ट त्याच वाक्यात दडलेली आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. माटुंग्याच्या टाकीत गाईम्हशींचे शेण नव्हते. तिथे होता माणसांचा मैला, आणि तोही समाजाने दूर लोटलेल्या माणसांचा. ज्या वायूला पुढे आपण ‘गोबर गॅस’ म्हणू लागलो, त्याची आपल्याकडची सुरुवात गोबरावाचून झाली. नाव बदलले तेव्हा बरेच काही विसरले गेले. म्हणून या इतिहासाकडे पाहताना मी एकच प्रश्न धरून ठेवला आहे : टाकीत काय घातले, आणि ते कोणाचे होते?

टाकीच्या आतली करामत समजायला सोपी आहे. हवा बंद झाली की सेंद्रिय पदार्थ वेगळ्या प्रकारे कुजतात. आधी एका जातीचे जिवाणू त्यांचे आम्लात रूपांतर करतात, मग दुसरे सूक्ष्मजीव त्या आम्लापासून मिथेन तयार करतात. दलदलीतून निघणारा हा जळणारा वायू आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठावर गोळा केला होता. मिथेन करणारे हे सूक्ष्मजीव गाईच्या पोटातही असतात, त्यामुळे शेण आपले विरजण बरोबर घेऊनच येते. टाकीतून निघणाऱ्या वायूत साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. योग्य शेगडीत तो निळ्या ज्योतीने, धुराशिवाय जळतो.

शेणाचा काळ

शेण टाकीत गेले ते एका जुन्या पेचातून. शेण जाळायचे की शेतात घालायचे? गोवरी थापली तर चूल पेटते, पण खत जाते. खत केले तर रान तोडावे लागते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शेणावर जे प्रयोग सुरू केले, त्यांच्या मुळाशी हाच पेच होता. बंद टाकीतून शेण गेले की जाळायला वायू मिळतो आणि मागे उरलेल्या रबडीत नत्र जवळपास तसेच राहते. एकाच शेणातून जळणही आणि खतही.

प्रयोगशाळेतली ही गोष्ट अंगणात आणली ती जशभाई पटेल यांनी. १९५१ च्या सुमारास त्यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे संयंत्र तयार केले : जमिनीत विटांची विहीर, आणि तिच्यावर उपडा ठेवलेला लोखंडी ड्रम. गॅस साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली बसतो. पुढे विलेपार्ल्याला मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाच नमुना उचलला आणि १९६० च्या दशकापासून गावोगाव नेला. या ड्रमचा एक गुण तांत्रिक पुस्तकांत ठळकपणे येत नाही. तो डोळ्यांना दिसत असे. आज किती गॅस आहे, भाकऱ्या होऊन वर आमटी होईल की नाही, हे घरातली बाई परसात नजर टाकून सांगू शके.

त्याचा दोषही लोखंडातच होता. वायूतल्या गंधकाच्या अंशाने आणि ओलीने ड्रम गंजतो. दरवर्षी तो रंगवावा लागतो, आणि संयंत्राच्या खर्चाचा मोठा वाटा त्याच्यावरच जातो. म्हणून चीनमधल्या घुमटांवरून १९७८ साली लखनौला ‘जनता’ आणि १९८४ साली ‘अफ्रो’ या संस्थेत ‘दीनबंधू’ नमुना तयार झाला. विटांचा घुमट, सगळे जमिनीखाली, लोखंड जवळपास नाही. खर्च उतरला. पण घुमटाला बारीकशी भेग गेली तरी गॅस निसटतो आणि ती भेग दिसत नाही. गंजणारा ड्रम लोहाराकडे नेता येत होता. घुमटाला हवा होता शिकलेला गवंडी, आणि तो गावात असेलच असे नव्हते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारचे लक्ष इकडे वळले आणि १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. अनुदान आले, उद्दिष्टे आली. घरगुती संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिल्या क्रमांकावर गेला. त्या आकड्यामागचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

एक किलो ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. एका माणसाच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला साधारण २४० लिटर लागतो. म्हणजे माणशी सहा किलो शेण, पाच माणसांच्या घराला रोज तीस किलो, आणि ते कालवायला तितकेच पाणी. गोठ्यात बांधलेले जनावर दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, पण चरायला जाणाऱ्या गुरांचे बरेचसे शेण रानात पडते. म्हणून प्रत्यक्षात चार-पाच जनावरे, जवळ पाणी, अंगणात जागा आणि सुरुवातीला घालायला पैसा, एवढे असेल तिथेच टाकी बसते. थंडीत वायू कमी पडतो तो वेगळाच. अनुदान सर्वांसाठी होते, पण ही अट कागदावर न लिहिताही पाळली गेली.

ज्याच्याकडे गुरे नाहीत त्याचे काय, हा प्रश्न १९७० च्या दशकातच विचारला गेला होता. वाटेवर आणि गायरानात पडलेले शेण पाटीत गोळा करून गोवऱ्या थापणे हे भूमिहीन घरांतल्या बायकामुलींचे काम. त्या शेणाला मालक नव्हता, कारण त्याला किंमत नव्हती. टाकी आली तशी शेणाला किंमत आली, गुरे गोठ्यात बांधली जाऊ लागली, आणि जे फुकट होते ते कोणाचे तरी झाले. एका घरातला धूर गेला तेव्हा दुसऱ्या घराची चूल पेटवणे थोडे अवघड झाले. संयंत्रांच्या मोजणीत पहिल्या घराची नोंद आहे. दुसऱ्या घराची कुठेच नाही.

यावर उपाय म्हणून गावाची मिळून एक टाकी, ही कल्पनाही आजमावली गेली. कर्नाटकातल्या पुरा गावात ए. के. एन. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेतून तो प्रयोग केला. स्वयंपाकाच्या गॅसवर गावाचे जमले नाही, कारण सर्वांच्या चुलीला पुरेल इतके शेण निघेना. पण १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी आणि दिवे दिले, तेव्हा लोक शेण आणून देऊ लागले. दिलेल्या शेणाच्या वजनाबरहुकूम रबडी परत मिळे आणि वर थोडे पैसेही.

पुन्हा मैला

माटुंग्याच्या टाकीत घातलेला मैला मधल्या काळात कुठे गेला? चीनमध्ये घरचा संडास आणि डुकरांचा गोठा एकाच टाकीला जोडण्यात कोणाला अडचण वाटली नाही. आपल्याकडे अडचण होती, आणि ती तांत्रिक नव्हती. मैला हाताळणे हे एका विशिष्ट जातीच्या माथी मारलेले काम. त्यापासून आलेल्या ज्योतीवर शिजलेले अन्न विटाळले, असे मानणाऱ्या समाजाने गॅसला ‘गोबर’ हे विशेषण लावून ती पवित्र बाजूला नेली, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये.

या भिंतीला धक्का दिला तो कोकणातून. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मागितले. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी नकार दिला, आणि त्या प्रश्नावर डिसेंबरमध्ये गांधीजींनीही येरवड्यात उपवास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडास आणि सोनखत यांवर वर्षानुवर्षे काम केले. मैला डोक्यावरून वाहणे थांबवायचे तर तो जागच्या जागी जिरवून उपयोगी करायला हवा, हा त्यांचा साधा विचार.

तो विचार पुढे नेला देहूला वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार उघड्यावरच्या घाणीतून येतात हे पाहून ते औषधांकडून संडासांकडे वळले, आणि संडासांकडून गॅसकडे. ‘मलप्रभा’ हे त्यांनी घडवलेले संयंत्र : संडासाचा मैला थेट टाकीत जातो, कोणाचाही हात लागत नाही, वायू शेगडीला मिळतो. त्यांच्या संस्थेला नाव अप्पा पटवर्धनांचे. २०१७ मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आकड्यांत पाहिले तर मैल्याचा गॅस थोडा. एका माणसामागे दिवसाला जेमतेम २५ ते ३० लिटर, म्हणजे त्याच्या स्वयंपाकाच्या गरजेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्यासाठी कोणी टाकी बांधणार नाही. मलप्रभेचे मोल इंधनात मोजायचेच नाही. मैला उपसायला माणूस लागत नाही, हे तिचे उत्पादन. गॅस ही वरकड. पुढे शेणाच्या संयंत्राला संडास जोडणाऱ्यांना सरकारने जादा अनुदान दिले, आणि महाराष्ट्रात अशी जोडणी अनेक घरांनी स्वीकारली.

खरकटे

तिसरा टप्पा फलटण-पुण्याचा. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने २००३ च्या सुमारास एक वेगळाच युक्तिवाद मांडला. गाईने चाऱ्यातला सगळा सकस भाग पचवून जे टाकले ते शेण. त्यातून आपण ऊर्जा काढायला बघतो. मग त्या सूक्ष्मजीवांना गाईचे उरलेले देण्याऐवजी गाईला घालतो तसे खाद्यच का देऊ नये? पीठ, शिळा भात, नासकी फळे, न खाण्याजोगी पेंड. संस्थेच्या मांडणीप्रमाणे असे दोन किलो खाद्य एका दिवसात जेवढे मिथेन देते तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस लागतात. प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या, एक दुसरीत उपडी, एवढ्यावर हे संयंत्र गच्चीतही बसले. शेण लागते ते फक्त सुरुवातीला, विरजणापुरते. २००६ साली या कामाला ॲशडेन पुरस्कार मिळाला.

इथे पहिल्यांदा टाकी गुरांच्या मालकीपासून सुटली. पण तिची स्वतःची अट होतीच. जास्त खाऊ घातले की आतले आम्ल वाढते, टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. रोज मोजून घालायला हवे. आणि जिथे दोन किलो खरकटे रोज उरते ते घर बहुतेक भुकेले नसते.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर खेड्यांत पोचला. ट्रॅक्टर आले, बैल गेले, गोठे रिकामे झाले आणि परसातले ड्रम गंजत उभे राहिले. त्यावर ‘गोबर गॅस फसला’ असा शेरा सहज मारला जातो. तो अन्यायाचा आहे. टाकीने आपले काम माटुंग्यापासून कधी चुकवले नाही. तिला मिळायला हवे ते मिळत राहिले तिथे ती आजही पेटते आहे. जिथे विझली तिथे बहुतेक वेळा आधी गोठा विझला आहे, किंवा पाणी, किंवा रोज पाटी कालवणारे हात.

हे हात इतिहासात कुठेच नोंदलेले नाहीत. संयंत्रे मोजली गेली, घनमीटर मोजले गेले, अनुदान मोजले गेले. शेण कोणी आणले, रबडी कोणी उपसली, आणि धूर गेल्यावर वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला आला, हे लिहिलेले मला आढळत नाही. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचे चुकीचे साल आपण इतकी वर्षे बिनधोक छापत आलो, पण त्या वसाहतीतल्या एकाही रहिवाशाचे नाव या इतिहासात येत नाही. ज्यांच्या आठवणीत हा इतिहास आहे त्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. कोणाच्या परसात ड्रम पडलेला असेल, तर भंगारात घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढे विचारून लिहून ठेवावे : यात काय घालत होता, आणि ते कोण आणत असे?