रानमांजराचीही एक वाट असते

रिसोडकरांनो, रात्री गाडीच्या उजेडात चमकणारे डोळे दरवेळी गावातल्या मांजराचेच नसतात. शेतातले उंदीर खाणारं रानमांजरही असतं ते.

थोडा इतिहास सांगतो. पेंचच्या जंगलातला मनसर-खवासा महामार्ग रुंद करायचं ठरलं, तेव्हा वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेला. शेवटी रस्ता जागोजागी खांबांवर उचलला आणि खालून जनावरांना वाट मिळाली. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे प्राणी तिथून जाताना दिसले. वाघ होते, तसं रानमांजरही.

आपल्या भागात अभयारण्य नाही, म्हणून कोर्टात जाणारंही कुणी नाही. पण ओढ्यावर पूल बांधताना पाण्याशेजारी कोरडी पट्टी सोडली, तरी रानमांजर खालून जाईल. इस्टिमेट बनायच्या आधीच हे मागा. डांबर पडल्यावर कोण ऐकतं?