मंतरलेलीं निशाणें

खुलताबादेस झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारांत औरंगजेब बादशहाची बिनछपराची कबर आहे. धर्माचारांत इतक्या कर्मठ पुरुषास चेटकाशीं सामना करावा लागला, हें कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु १६७२ सालीं नारनौळच्या सतनाम्यांनीं बंड करून बादशाही फौजा पिटाळल्या, तेव्हां त्यांच्या अंगीं शस्त्र रुतत नाहीं, त्यांच्या बायका लांकडाच्या मंतरलेल्या घोड्यांवरून चालून येतात, अशी वदंता उठल्याचें खाफीखान लिहितो. बादशहानें स्वहस्तें दुवा व यंत्रें लिहून तीं निशाणांवर शिवविलीं! आम्हांस यांत भोळेपणापेक्षां धोरण अधिक दिसतें. सुतार-चांभारांनीं झोडपलें म्हणण्यापेक्षां जादूनें हरविलें म्हणणें सरदारांस सोयीचें होतें. आणि भ्यालेल्या शिपायांस उतारा हवाच होता. निशाणांमागें रादअंदाजखानाचा तोफखाना मात्र होताच.