मुक्तप्रवेशी शोधलेख : यवतमाळच्या इतिहाससंशोधनाच्या संदर्भात

विद्वत्पत्रिकांतील शोधलेख कोणासही मूल्य न देता संगणकाच्या महाजालावर वाचता, उतरवून घेता आणि लेखकाच्या श्रेयनिर्देशासह वापरता येणे, यास ‘मुक्तप्रवेश’ म्हणतात. १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या बूडापेस्ट घोषणेमुळे ही संज्ञा रूढ झाली. तथापि लेख खुला असणे आणि तो जिज्ञासूस सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. यवतमाळ येथील इतिहाससंशोधनाच्या वाटचालीवरून हा भेद स्पष्ट होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यवतमाळची ‘शारदाश्रम’ ही संस्था विदर्भातील इतिहाससंशोधनाचे एक केंद्र होती. तिच्याशी निगडित असलेले डॉ. य. खु. देशपांडे हे महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक. त्यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्यामुळे त्यांतील वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना शतकानुशतके अज्ञात राहिले होते. लिप्यांची उकल झाल्यावरच ते उजेडात आले. संस्थेच्या शारदाश्रम वार्षिकातूनही संशोधनपर लेखन प्रसिद्ध होई. अशा प्रादेशिक प्रकाशनांच्या प्रती मोजक्या निघत व त्या दूरच्या ग्रंथालयांत क्वचितच आढळत.

वाकाटककालीन वाशीम ताम्रपटाचा वृत्तांत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हा ताम्रपट पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांना १९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशीम येथे मिळाला. त्याचे पहिले वाचन देशपांडे व द. बा. महाजन यांनी भारतीय इतिहास परिषदेच्या त्याच वर्षीच्या तिसऱ्या अधिवेशनाच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केले. पुढे वा. वि. मिराशी व महाजन यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या सव्विसाव्या खंडात त्याचे सविस्तर संपादन केले. वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथे स्वतंत्र शाखा होती, हे या ताम्रपटाने सिद्ध झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात पूर्वी चुकीचे वाचले गेलेले सर्वसेन राजाचे नावही त्याच्या आधारे दुरुस्त करता आले.

आज या लेखनाकडे जाण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. इतिहास परिषदेची कार्यवृत्ते ‘जेस्टोर’ या १९९५ मध्ये स्थापन झालेल्या माहितीसंचयात आहेत. तेथील पुष्कळसे लेख नावनोंदणी करणाऱ्या वाचकास मर्यादित संख्येने पडद्यावर वाचता येतात; परंतु ते मुक्तप्रवेशी नव्हेत. एपिग्राफिया इंडिकाचे जुने खंड मात्र ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर विनामूल्य उतरवून घेता येतात. म्हणजे एकाच ताम्रपटाविषयीचा एक लेख अर्धवट खुला, तर दुसरा पूर्ण खुला आहे. एक वाट बंद आढळल्यास दुसरी शोधणे अभ्यासकास भाग पडते.

विद्यापीठीय प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा संचय उपयुक्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक ठरले आणि या संचयास चालना मिळाली. यवतमाळ जिल्हा १९८३ पासून अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. त्यापूर्वीचे संशोधन नागपूर विद्यापीठाकडे शोधावे लागते. मुक्तप्रवेशी पत्रिकांची सूची ‘डोआज’ २००३ पासून देते, तर लेखाची विनामूल्य प्रत अन्यत्र उपलब्ध आहे काय, हे ‘अनपेवॉल’ या साधनाने कळते.

शोध घेताना नामभेद ध्यानी घ्यावे लागतात. जुन्या इंग्रजी लेखनात यवतमाळचे वर्णलेखन आजच्याहून भिन्न आहे. वाशीमला ‘बासिम’ व वऱ्हाडला ‘बेरार’ म्हटलेले आढळते. केवळ आजच्या नावाने शोधणाऱ्यास हे जुने लेखन दिसतच नाही. मराठी लेखांची अडचण याहून मोठी आहे. अनेक मराठी प्रबंध व नियतकालिके केवळ पृष्ठचित्रांच्या रूपात साठविलेली असल्याने त्यांतील शब्द यंत्रास वाचता येत नाहीत. त्यांची शीर्षके कोठे देवनागरीत, तर कोठे रोमन लिपीत नोंदविलेली असतात. म्हणून स्थलनाम, राजवंश, लेखकाचे आडनाव व नियतकालिकाचे नाव या चारही अंगांनी शोध घेणे इष्ट होय.

जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली तीस प्रकाशकांच्या पत्रिका शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना उपलब्ध झाल्या. हा मुक्तप्रवेश नव्हे. वाचकाऐवजी शासनाने वर्गणी भरली, एवढाच यातील बदल होय. शिवाय या प्रकाशकांच्या पत्रिकांत प्रादेशिक संस्थांच्या वार्षिकांचा समावेश नाही. परदेशातील पत्रिका यवतमाळच्या विद्यार्थ्यास सुलभ झाल्या, तरी त्याच्याच गावातील संशोधन तेवढ्याने त्याच्या हाती येत नाही. त्याकरिता जुन्या वार्षिकांचे संगणकीकरण व्हावयास हवे आणि प्रत्येक लेखाची दोन्ही लिप्यांत, जुन्या व नव्या स्थलनामांसह सूची तयार व्हावयास हवी. सांकेतिक लिपीची उकल झाल्यावर महानुभावांचे वाङ्मय अभ्यासकांच्या हाती आले. सूचीअभावी दृष्टीआड राहिलेले हे लेखनही काळजीपूर्वक नोंदींनीच त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल.