हंटरचा राग आणि हृदयाची रसद

१६ ऑक्टोबर १७९३. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात बैठक चालू होती. पासष्ट वर्षांचे नामांकित सर्जन जॉन हंटर बोलत होते. कुणीतरी त्यांचं म्हणणं खोडून काढलं. हंटर गप्प झाले, शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले.

कित्येक वर्षं त्यांच्या छातीत कळ यायची. श्रमाने यायची, तशी संतापानेही. आपल्याला डिवचणाऱ्या कुठल्याही भामट्याच्या हातात आपला जीव आहे, असं ते म्हणत. शवविच्छेदनात त्यांच्या करोनरी धमन्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या, हाडासारख्या कडक झालेल्या दिसल्या. देवीच्या लशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले एडवर्ड जेन्नर हे हंटरचे शिष्य. दुखण्याचं मूळ याच धमन्यांत असावं, हे त्यांनी आधीच ताडलं होतं. पण गुरू धसका घेतील म्हणून ते जाहीरपणे बोलले नाहीत.

धमन्या तर रोजच कडक होत्या. मग कळ रागाच्याच वेळी का?

कारण राग आला की सिंपथेटिक मज्जातंतू जागे होतात. ते हृदयाला जोरात आणि भरभर धडधडायला लावतात. विश्रांतीतसुद्धा हृदयाचा स्नायू मिळालेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे मागणी वाढली की जास्त रक्त आणण्यावाचून गत्यंतर नसतं. हेच मज्जातंतू करोनरी धमन्या थोड्या आवळतातही. पण राबणाऱ्या स्नायूतून सुटणारी रसायनं त्यांना रुंद करतात. निरोगी हृदयात ही रसायनं जिंकतात. अरुंद, कडक धमनी मात्र फारशी रुंदावू शकत नाही. त्यात आणखी एक अडचण: डाव्या कप्प्याच्या भिंतीला बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं, आणि ठोके वाढले की तो विसावाच आखडतो.

मग तंतूच कापले तर? १९१६ मध्ये बुखारेस्टच्या थोमा योनेस्कू यांनी अंजायनाच्या रुग्णावर नेमकी तीच शस्त्रक्रिया केली. कळ थांबली. पण त्यावरून रक्तपुरवठा सुधारला असं म्हणता येत नाही. वेदनेचा निरोप नेणारे तंतूही त्याच वाटेने जातात.

१९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड अल्क्विस्ट यांनी दाखवलं की या तंतूंचा हुकूम झेलणारे ग्राहक दोन प्रकारचे असतात, अल्फा आणि बीटा. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी त्यावरून प्रश्नच उलटा केला: रसद वाढवता येत नसेल, तर हृदयाची भूक कमी करता येईल का? त्यांनी हृदयातले बीटा ग्राहक अडवणारं औषध शोधलं. १९६४ मध्ये प्रोप्रॅनोलॉल जगासमोर आलं, आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं.

घरातल्या आजोबांच्या डबीत रोजची एखादी ‘बीटा ब्लॉकर’ गोळी असेल, तर ती याच घराण्यातली. तिने राग जात नाही. रागाचा हुकूम हृदयापर्यंत पोचतो, तो तेवढा सौम्य होऊन. हंटरना एवढंही पुरलं असतं कदाचित.