बॉम्बे हायच्या तळाशी सह्याद्रीचा कातळ

बॉम्बे हायची गोष्ट बहुतेक जण ‘सागर सम्राट’पासून सुरू करतात. जपानमध्ये बांधलेल्या या रिगला फेब्रुवारी १९७४मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात तेल लागलं. नुकत्याच आलेल्या तेलसंकटानं जगभर भाव चौपट झाले होते, त्यामुळे देशाला केवढा दिलासा मिळाला असेल! मला मात्र त्याआधीची दहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीनं या किनाऱ्यालगत भूकंपीय सर्वेक्षण झालं. पाण्यात हादरा निर्माण करायचा, खालच्या थरांवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी नोंदवायचा आणि त्याला लागलेल्या वेळेवरून थरांची खोली काढायची, अशी ही पद्धत. त्या नोंदींत समुद्रतळाखालचा भलामोठा उंचवटा दिसला. तेल पाण्याहून हलकं. ते सच्छिद्र दगडातून वर सरकतं आणि माथ्यावर अभेद्य थर असला की उंचवट्यात अडकतं. इथं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात साठलं होतं.

२१ मे १९७६ला उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकात ते शिखरावर पोचलं आणि पुढे घटू लागलं. सोपे उंचवटे खोदून झाल्यावर भूवैज्ञानिकानं करायचं काय?

उत्तर तळाशी होतं. राजगड चढताना पायाखाली येतो तोच काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, समुद्राखालीही पसरलेला आहे. काही ठिकाणी त्याहून जुना ग्रॅनाइटही लागतो. असा तळखडक लागला की साधारणपणे विहीर थांबवायची, कारण घट्ट कातळात तेल कुठून असणार? पण कातळाला भेगा असतात. त्रिमितीय सर्वेक्षणात मोठे भ्रंश दिसतात. जुन्या विहिरींच्या नोंदींत खोदकामाचा चिखल कुठे अचानक आत मुरला ते सापडतं. ती भेगांचीच खूण. बॉम्बे हायच्या भेगाळलेल्या तळखडकातूनही तेल निघालं आहे.

आज आपण गरजेच्या ८० टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. समुद्रातली नवी विहीर कोट्यवधी रुपये खाते. जुनी नोंद मात्र आधीच पैसे मोजून मिळवलेली असते. ती टेप, तो दगडाचा नमुना एकदा हरवला, की त्याला नवा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून या इतिहासात रिगइतकाच मान नोंदी जपणाऱ्यांनाही मिळायला हवा, असं मला वाटतं.