मामांचा इटालियन रिपोर्ट

मामा-मामी मध्यंतरी मुलाकडे इटलीला जाऊन आले. तिथं मामांना जिना चढताना दम लागला, म्हणून टू-डी इको झाली. जळकोटला परतल्यावर बॅगेत तो कागद निघाला आणि रात्री मामींचा फोन. "आरं, मामाला ॲटॅक येऊन गेलाय म्हणायलेत. पोरानं आमच्यापासून लपवलं बघ."

शोध शेजारच्या फार्मसी शिकणाऱ्या मुलाचा. रिपोर्टात 'एफ. ई. ५८ टक्के' होतं. आपल्याकडे ई. एफ. लिहितात, म्हणजे हृदय एका ठोक्याला भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलतं ते. पोरगं हुशार. इटालियनमध्ये अक्षरं उलटी होतात हे त्यानं ताडलं, आणि ते खरंच आहे. तिथं नाम आधी, विशेषण मागून. आपण 'डावं निलय' म्हणतो, ते 'व्हेंत्रिकोलो सिनिस्त्रो' म्हणजे 'निलय डावं' म्हणतात. खाली 'आय. एम.' दिसलं. उलटं केलं की एम. आय., म्हणजे हार्ट ॲटॅक!

मी फोटो मागवून घेतला आणि शब्दकोश घेऊन बसलो. गंमत अशी की इटालियन डॉक्टर ॲटॅकलाही आय. एम. लिहितात. पण हे आय. एम. झडपांच्या ओळीत होतं आणि पुढे 'लिएवे', म्हणजे सौम्य. मायट्रल झडपेतून थोडं रक्त मागं गळतंय, एवढंच. आपले डॉक्टर त्याला एम. आर. लिहितात. अक्षरं उलटी करून ते सापडलंच नसतं.

या झडपेचं नावही तिकडचंच. पादुआला शरीररचना शिकवणाऱ्या व्हेसॅलियसला तिचे दोन पडदे बिशपच्या टोपीसारखे, मायटरसारखे वाटले. त्याचा मोठा ग्रंथ १५४३ चा. त्याच पादुआत १६०२ साली पदवी घेतलेल्या विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं. दोघांनी लिहिलं ते लॅटिनमध्ये. तेव्हा युरोपभरच्या डॉक्टरांना एकच भाषा पुरायची, हा घोळ झाला नसता. पुढे १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यात धातूतले दोष शोधायचं ध्वनियंत्र हृदयावर लावून पाहिलं. एडलरला हीच मायट्रल झडप शस्त्रक्रियेआधी पाहायची होती!

आमच्या भागाला हे नवं नाही म्हणा. निजामाच्या राज्यात होतो तेव्हा कारभार उर्दूत. हैदराबादेत १९१७ ला भाषांतराचं खातं निघालं, १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथं डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवली जायची. १९४८ नंतर ते सगळं मागं पडलं. शाळेच्या पुस्तकात अलिंद-निलय आले, पण दवाखान्यातला कागद इंग्रजीच राहिला. म्हाताऱ्या माणसाला आपल्या छातीत काय चाललंय हे आपल्या भाषेत वाचायला तेव्हाही मिळत नव्हतं, आताही मिळत नाही. शेजारच्या पोरालाच विचारावं लागतं.

असो. मामींना फोन केला. म्हटलं, "मामी, ॲटॅक-बिटॅक काही नाही. झडप थोडी गळतीय. तरी दम कशानं लागतो ते उदगीरला दाखवून विचारा. मी मराठीत लिहून पाठवतो, तो कागद सोबत ठेवा."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"मग पोरानं लपवलं नव्हतं म्हण की."

"नाही मामी."

"मी लई बोलले रे त्याला," म्हणाल्या, आणि तिथं आत्ता किती वाजले असतील ते विचारायला लागल्या.